मांडवातली घोडी आणि तिच्या दाढा

मी कामांच्या याद्या करते. लग्नाची, पेरणीची, पापडांची, प्रत्येकाची वेगळी. महायुद्धाच्या त्या वर्षांत कागद मिळेनासा झाला, तेव्हा जुन्या पंचांगाच्या पानांच्या कडेला लिहिल्या, पण केल्या. धाकट्या दिराच्या लग्नाची यादी तर अशी झाली होती, की खुद्द लग्नाचीही काही जरूर उरली नव्हती. फक्त रेघा मारत जायचं.

तरी लग्नाला चार दिवस उरले असताना आमची घोडी दादर ज्वारीच्या कडब्याचे ओले बोळे तोंडातून खाली टाकायला लागली. घास घ्यायची, मान वाकडी करून चघळायची आणि तसाच टाकून द्यायची. लिदीत हरभरे अख्खेच्या अख्खे. लगामाची कडी ओठाला लागली की मान अशी उडवायची, की धरणारा दोन पावलं मागे.

मला लगेच कळलं. घोड्याच्या दाढा जन्मभर वाढतात. चघळताना त्या सारख्या झिजत नाहीत. वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्यांना जिभेकडून धार येते. म्हणून आमच्याकडे दर दिवाळीनंतर म्हसावदहून नालबंद यायचा आणि कानशीने ती धार घासून द्यायचा. मी यादी काढली. ‘घोडीचे दात’ यावर रेघ होती. नीट, सरळ, माझ्याच हातची.

रेघ कशी पडली तेही आठवलं. मी काम सांगून झालं की रेघ मारायची. नालबंद आला होता, पण घोडी त्या दिवशी नणंदेच्या गावी गेली होती. तो चहा पिऊन परत गेला.

आता नुसती गैरसोय असती तर मी एवढी धावले नसते. दिराला घोड्यांची भीती वाटायची. सगळ्या घोड्यांची, ही एक सोडून. हिच्या पाठीवर तो लहानपणी बसायला शिकला होता. वरातीला ही नसेल तर नवरीच्या मामाचा घोडा तयार होता. त्या घोड्याने आधी दोन नवरदेव खाली टाकले होते आणि मामा ते हसत हसत सांगायचा. पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारीचं नाव काढायची सोय नव्हती. पायी गेला असता तर नवरीच्या गावाने पुढची वीस वर्षं हसायची सोय केली असती.

“भाभी,” दीर मला बाजूला घेऊन म्हणाला, “मन्हा जीव तिन्हा दातसमा अटकेल शे.”

मी ‘घोडीचे दात’ यादीत खाली पुन्हा लिहिलं आणि त्याच दिवशी म्हसावदला निरोप धाडला. नालबंद शहाद्याकडे कामाला गेलेला. तो उगवला तो थेट हळदीच्या दिवशी, दुपारी, लांब दांड्याची कानस खांद्यावर घेऊन. त्याने घोडीच्या गालावरून बोट फिरवलं आणि शीळ घातली.

“दाढा नहीत त्या, विळा शेतस विळा!”

काम साधं होतं. घोडीची जीभ एका बाजूला बाहेर ओढून धरायची, म्हणजे ती दात मिटत नाही. मग कानस आत घालून घासायचं. पण जीभ ती कुणालाच धरू देईना. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तिने मानेचा फटका दिला. गड्याचं पागोटं उडवलं. तिला फक्त दीर चालायचा, आणि दीर त्या वेळी मांडवात पाटावर, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन बसला होता. तो उठायला लागला तशी चुलतसासू आडवी आली.

“नवरदेवले हळद लागेल शे. त्यानी मांडवना बाहेर पाय ठेवाना नही!”

“मंग घोडीले मांडवमा लई या,” मी म्हटलं. यादीत तेव्हा अकरा कामं शिल्लक होती. वाद घालायला वेळ कुणाला होता?

घोडी मांडवात आली. बायका पाटे-वरवंटे घेऊन मागे सरकल्या, हळदीच्या ताटात एक खूर पडता पडता राहिला. दिराने पाटावर बसूनच दोन्ही पिवळ्या हातांनी तिची जीभ धरली. ती अगदी शहाण्यासारखी उभी राहिली. नालबंदाने कानस पाण्यात बुडवली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पहिला घासा ओढला. खर्रर्र!

नेमका तेव्हा ढोलवाला झोपेतून उठून मांडवात शिरला. त्याला काय दिसलं? नवरदेव, आणि त्याच्यासमोर घोडी. त्याने मागचापुढचा विचार न करता वरातीचा ठेका धरला.

आमची घोडी नाचरी होती. ढोल वाजला की पुढचे पाय आपोआप उचलायचे, हेच तिला शिकवलेलं. तिने ते लगेच केलं. नालबंद तिच्याबरोबर नाचला, त्याला दुसरा इलाजच नव्हता. दीर जीभ सोडेना, म्हणून तो पाटासकट सरकत निघाला.

“बंद कर रे बाबा! मन्हा हात तिन्हा तोंडमा शे!”

ढोल थांबला. “मी समजनू वरात निंघनी,” ढोलवाला म्हणाला. पण थांबला ते अधिकच वाईट झालं. अर्धवट राहिलेल्या नाचाने घोडी चिडली आणि मान झाडायला लागली. नालबंदाचा एक पाय मांडवाच्या मेढीला, दुसरा हवेत.

“वाजाड, वाजाड! पन हळू!” तो ओरडला.

मग ढोलवाल्याने अगदी संथ ठेका धरला. घोडी जागच्या जागी डुलायला लागली, मान स्थिर ठेवून. नालबंदाने एका ठोक्याला कानस पुढे ढकलली, दुसऱ्याला मागे ओढली. धम, खर्र. धम, खर्र. बायकांना हसू आवरेना. त्यांनी हळदीचं गाणं त्याच चालीवर घेतलं आणि त्यात नवरीच्या जागी घोडीला बसवलं. “आते नवरदेवना दात बी घासी द्या!” कुणीतरी मागून म्हणालं. आबा डोळे पुसत होते. “मन्ही घोडी, अन दात घासाले ढोल!”

दोन्ही बाजू झाल्या. नालबंदाने आत बोट फिरवून पाहिलं, मलाही बोट फिरवायला लावलं. गुळगुळीत. घोडीच्या गालांवर दिराच्या पिवळ्या बोटांचे ठसे उठले होते, म्हणजे तिलाही हळद लागली असं ठरलं.

मी यादी काढली, पेन्सिल टेकवली आणि थांबले. या खेपेला नुसत्या झालेल्या कामावर रेघ मारायची नाही. खाल्लेलं दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तिला फक्त भिजवलेला कोंडा दिला, तोंड हुळहुळं होतं म्हणून. त्यावरून काही कळेना. लग्नाच्या सकाळी लगाम चढवताना मी जवळ उभी होते. कडी आत गेली. मान हलली नाही. दीर चढला, आणि वरात निघाली.

नवरीच्या दारात मामा आपला घोडा धरून आशेने उभा होता. ढोल वाजला. घोडी नाचली, दीर आयाळ घट्ट धरून बसला, चेहरा पांढरा पण जागेवर. नाच संपला तसे व्याही झेंडूचा जाड हार घेऊन पुढे आले. त्यांनी हात उंच केले, आणि घोडीने तो हार वरच्यावर खाल्ला.

गोंधळ उडाला. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघत होते. जबडा डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. दोन्ही बाजूंनी सारखा. मी वाकून जमिनीवर पाहिलं. बोळा नाही. एक पाकळीसुद्धा नाही.

मी कमरेची यादी आणि पेन्सिल काढली आणि तिथेच, वऱ्हाडाच्या मधोमध, रेघ मारली.