मोरनीच्या टेकडीवर पाच सेकंद मागे

चंदीगडमध्ये घरातून हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, चालवायचा असेल तर आधी सोसायटीतला प्रत्येक इन्व्हर्टर बंद करावा लागेल, इतकी त्यांची घरघर सेटमध्ये येते. ते जमणार नव्हतं, म्हणून रविवारी सकाळी सात वाजता सेट, बॅटरी, लॅपटॉप, वायरची अँटेना, बायको मंजिरी आणि मुलगी ईशा असा सगळा संसार गाडीत कोंबून मी मोरनीच्या डोंगराकडे निघालो.

कारण आप्पा. माझे वडील साताऱ्याला असतात, मुरलेले हॅम. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला आणि आमचं रविवारचं रेडिओवरचं बोलणं बंद पडलं. फोनवर कितीही लांब मेसेज पाठवा, उत्तरादाखल फक्त अंगठा येतो. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी कळवलं, सेट कॉलेजला देऊन टाकतो. मला ते सहन होईना. लॅपटॉप सेटला जोडून डिजिटलवर करू, आवाज लागतच नाही, म्हणून मी हटून बसलो. उत्तर आलं, ‘एकदाच. रविवारी दहाला. पीएसके लावू का?’ पीएसके म्हणजे टाइप केलेली अक्षरं जशीच्या तशी पलीकडे उमटवणारी जुनी पद्धत. ती आता कोण वापरतं, एफटी-८ लावा, क्षीण सिग्नलही पकडते, असं मी ठणकावून लिहिलं. यावर अंगठा आला.

पंचकुला संपलं की रस्ता अरुंद होतो आणि वळणं सुरू होतात. दीड तास धरा, मुलांना गाडी लागत असेल तर दोन. पेट्रोल खालीच भरून घ्या. ढाब्यावर आलू पराठे चांगले मिळाले. लोणी मागू नका, न मागताच येतं.

“पापा, आजोबा को वीडियो कॉल कर लेते ना, यार,” ईशा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

“आणि ते बोलणार कसे?” मंजिरीने विचारलं.

दहाला पाच कमी असताना मांडामांड झाली. एफटी-८ मध्ये पंधरा सेकंद पाठवायचं, पंधरा सेकंद ऐकायचं. सेटची कळसुद्धा सॉफ्टवेअरच दाबतं. पडद्यावर सिग्नलचे पट्टे छान दिसत होते, पण अक्षर म्हणून एकही उमटेना. मी केबल बदलली. लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला. एका माकडाने अँटेनाचं टोक ओढलं, त्यालाही शिव्या घातल्या. फोनला रेंज नव्हती. दहा चाळीस झाले. आप्पा उठून गेले असणार आणि सोमवारी सेट कॉलेजात, असं वाटून मी केबल पुन्हा बदलली.

“त्यांना हवं होतं ते एकदा लावून बघशील का?” मंजिरी म्हणाली. माझा राग आता तिच्यावर निघाला. मग बघितलं पीएसके लावून.

एकेक अक्षर सरकत आलं, रोमन लिपीतलं मराठी: ‘टाइम सांग. टाइम सांग. टाइम सांग.’

फोनमधल्या घड्याळाशी ताडून पाहिलं, तर माझा जुना लॅपटॉप पाच सेकंद मागे होता. एफटी-८ ला दोन्हीकडची घड्याळं जुळलेली लागतात आणि इंटरनेटशिवाय माझं जुळत नाही. दर रविवारी आप्पांचं पहिलं वाक्य हेच असायचं, “टाइम सांग, सेकंदासकट,” आणि मी ते हसण्यावारी न्यायचो. या वेळी एफटी-८ वर ते विचारणार कसे? शिवाय एफटी-८ मध्ये नाव-गाव, सिग्नल किती आणि शेवटचा रामराम, एवढंच जातं. ज्याचा आवाज गेलाय त्याच्यासाठी मी गप्पाच मारता येत नाहीत अशी पद्धत निवडली होती. मला स्वतःचा आला इतका राग माकडाचाही आला नव्हता.

‘कधीपासून बसलाय?’ मी टाइप केलं.

‘साडेनऊ. तू घड्याळ लावणार नाहीस माहीत होतं. म्हणून पीएसकेवरच बसलो.’

मग पाऊण तास आप्पा बोलले. नर्स, सूप, शेजारी, सगळ्यांवर करवादले. शेवटी म्हणाले, कॉलेजवाल्यांना नाही म्हणून कळवतो.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगतो, घरून निघतानाच घड्याळ लावा. माझी पाठ धरली आहे आणि मंजिरी अजून नीट बोलत नाही. घरी पोहोचल्यावर आप्पांना मेसेज टाकला, ‘सुखरूप पोहोचलो. सहा वाजले.’

अंगठा आला नाही. उत्तर आलं, ‘आणि सेकंद?’