पायाळूचा घोटा

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं मागे ठेवून पाय आधी बाहेर आले. यात माझं कर्तृत्व शून्य, पण सोलापुरात आमच्या गल्लीत तेवढ्या भांडवलावर माझी प्रॅक्टिस जोरात चालायची. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो आमच्या ओट्यावर पालथा पडायचा आणि मी त्याच्या कमरेवर हलकी लाथ मारायची. डॉक्टरकडे जायला लोकांना सवड नसायची, लाथ खायला असायची.

गंमत म्हणजे गल्लीच्या कमरा सरळ करणाऱ्या या दैवी पायांपैकी डावा सपाट रस्त्यावरही मुरगळायचा. पाऊल आत वळायचं आणि मी भाजीच्या पिशवीसकट खाली. बी.ए. झाले होते, स्थळं बघणं चालू होतं. पहिल्याच स्थळानं "जरा चालून दाखव" म्हटलं आणि मी चहाच्या ट्रेसकट त्यांच्या पायाशी लोटांगण घातलं. एवढा नम्रपणा त्यांना झेपला नाही. मग मला डॉक्टरकडे नेण्यात आलं.

डॉक्टरांनी घोटा सोडून पोटरीच दाबून बघितली. "हाड ठणठणीत आहे," ते वडिलांना म्हणाले. "पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू घोट्यामागून पावलाकडे जातात. पाऊल आत कलंडायला लागलं की ते बाहेर ओढून धरतात, मांडवाच्या खांबाला दोर असतात तसं. हिचे दोर ढिले आहेत. रोज एका पायावर उभी राहू दे."

आमच्या घरी पोटरी म्हटलं की ज्वारीची, कणीस बाहेर पडण्याआधी फुगते ती. ज्वारी पोटरीत आली का, हे वडील गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे. पोटऱ्यांची माझीही एक जोडी आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मी गच्चीत डाव्या पायावर उभी. शेजारणीनं आईला विचारलं, "नवऱ्यासाठी व्हय? कुणी सांगितलं हे व्रत?" समजावत बसण्यापेक्षा आई हो म्हणाली. लवकरच समोरच्या गच्चीवर त्यांची लग्नाची मुलगीही एका पायावर दिसू लागली. पोटरी दुखून मी रडकुंडीला यायचे, पण हळूहळू पाय ठरायला लागला.

पुढचं स्थळ मोहोळचं. मुलगा शाळेत मास्तर. त्याची बेलबॉटम इतकी घेरदार की आत पाय आहेत हे विश्वासानं धरून चालायचं. त्याला चालून दाखवायला अर्थातच कुणी सांगितलं नाही. पण मी काय वाचते हे विचारणारा तो पहिलाच. मला तो आवडला, फार आवडला. म्हणून त्या दिवशी मी जीव मुठीत धरून चालले. भिंतीपर्यंत गेले, परत आले. घोटा हूं की चूं नाही.

आनंदाच्या भरात आई बोलून गेली, "पोरगी पायाळू आहे बरं का आमची!"

मुलाचे वडील एसटीतून कंबर धरतच उतरले होते. "पायाळू हाय व्हय? मग मार की एक लाथ! लई उसण भरलीय," म्हणत ते सतरंजीवर पालथे झालेसुद्धा.

उजव्यानं लाथ मारायची म्हणजे सगळा भार डाव्यावर. समोर मुलगा, खाली होणारे सासरे, आणि मी एका पायावर. घोटा थरथरला, बाहेरच्या अंगानं पोटरी ताठ ओढली गेली, आणि मी उभी राहिले. लाथ म्हणजे नुसतं पाऊल टेकवलं. ते उठले, इकडेतिकडे वळून बघितलं, "मोकळी झाली की!" म्हणाले आणि पोह्यांची दुसरी बशी मागितली.

मंडळी मोहोळला परतली आणि आम्ही घरात साखरपुड्याचं बोलत असतानाच स्थळ आणणारा मध्यस्थ त्यांचा निरोप घेऊन आला. "कंबर एकदम बरी हाय त्यांची," तो वडिलांना म्हणाला. "पोरगीबी पसंत हाय. पन सासऱ्याला लाथ मारलेली पोरगी सून म्हनून कशी न्यायची, म्हनत्यात."

मी आत जाऊन खूप रडले, आणि रडताना सारखं एकच वाटत होतं, लाथ फारच हलकी मारली.