बेटावर धरलेला हात

आज सूनबाईनं लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली आणि वासानं मला इटलीतलं ते तळं आठवलं.

मुलानं आम्हा दोघांना त्या तळ्यातली बेटं बघायला नेलं होतं. हिला बोट लागायची, म्हणून ही लोणच्याची फोड चघळत बसलेली. बोट हलली तसा हिनं माझा हात धरला. उभ्या संसारात चारचौघांत कधी धरला नव्हता.

बेटावर उतरलो तरी सोडेना. मी म्हटलं, "अगं, जमीन आली."

"कळतंय हो मला. इथं कोण ओळखतंय आपल्याला?"

बेटांवर फुलंबिलं, पांढरे मोर, सगळं होतं म्हणे. मला आठवतो तो तिचा लोणच्यानं चिकट झालेला हात.

ही गेल्यापासून मी इथं परदेशात, ट्रॉय नावाच्या गावी, मुलाकडं. रोज एकटाच फिरायला जातो. इथंही मला कोणी ओळखत नाही. हात तेवढा रिकामा असतो.