जाँ हे पुरुषाचं नाव

ओमानमधल्या सहमला अरबी अर्ज टाइप करून देणारे एक गृहस्थ होते, गुहागरकडचे. गिऱ्हाईक आलं की पासपोर्ट उघडायच्या आधी म्हणायचे, "नाव तोंडाने सांगा बघू." नुसत्या स्पेलिंगवर त्यांचा भरवसा नव्हता.

आमच्या कंपनीतल्या फ्रेंच इंजिनिअरच्या बायकोचा व्हिसा अडकला, तेव्हा मी त्याला त्यांच्याकडे नेलं. कुणीतरी त्याचं नाव अरबीत 'जीन' असं लिहून रहिवासी कार्डावर चक्क 'स्त्री' नोंदवलं होतं.

"जाँ," तो म्हणाला. "फ्रान्समध्ये हे पुरुषाचंच नाव आहे. अर्थ, देवाची कृपा."

"आणि बाई असेल तर?"

"ज़ान. शेवटचा न स्पष्ट."

गृहस्थांनी दोन्ही नावं दोनदा पुटपुटली. "म्हणजे अरबांचा याह्या तो हाच की, भाऊ!" मला म्हणाले. मग दुरुस्तीचा अर्ज टाइप केला, भर गर्दीच्या वेळी दुकानाला कुलूप लावलं आणि आमच्याबरोबर व्हिसाच्या सरकारी ऑफिसात आले.

खिडकीतला ओमानी अधिकारी जुन्या नोंदीवर बोट ठेवून बसला. गृहस्थ शांतपणे अरबीत म्हणाले, "हा तुमचा याह्याच आहे. याला बाई केलंत, तर याच्या बायकोने कुणाकडे यायचं?"

अधिकारी खळखळून हसला आणि त्याने अर्ज घेतला. पुढच्याच महिन्यात बायको आली.

दोन वर्षं मी कंपनीत त्या इंजिनिअरच्या शेजारी बसत होतो आणि त्याला जीन म्हणत होतो. त्याने मला एकदाही अडवलं नव्हतं.