काचेवरची निळी गर्दी

लॅबमध्ये जन्म काढलेल्या माणसाला दोन गोष्टी चिकटतात. एक फॉर्मालिनचा वास आणि दुसरे किस्से. वास रिटायर झाल्यावर चार-सहा महिन्यांत गेला. किस्से मात्र वाढतच चाललेत! संध्याकाळी मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "शालन, बाईंचं काहीतरी सांग की." मला तेवढंच निमित्त पुरतं.

बाई म्हणजे डॉ. वत्सला, आमच्या पॅथॉलॉजिस्ट. लक्ष्मीपुरीत त्यांची दोन खोल्यांची लॅब. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ बरणीतून आमच्याकडं यायची. मी टेक्निशियन. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, काचेवर चढवून रंगवायचा आणि बाईंपुढं ठेवायचा. मग त्या मायक्रोस्कोपातून बघून सांगायच्या, साधी गाठ की कॅन्सर. तिसऱ्या आक्का. काचा धुणं, बरण्या सांभाळणं त्यांच्याकडं. कसबा बावड्याहून चालत यायच्या. आवाज असा, की लॅबला फोन नसता तरी चाललं असतं!

*

मी लागले अडुसष्ट साली. पहिल्याच आठवड्यात स्तनाच्या गाठीची काच तयार केली. आधी स्वतः बघितली, तर सगळीकडं निळे ठिपके.

"बाई, रंगाचे शिंतोडे उडालेत. दुसरी करते."

बाईंनी डोळा लावला. मग म्हणाल्या, "शिंतोडे नाहीत गं. लिम्फोसाइट्स आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, शरीराचे पहारेकरी. रंगवल्यावर निळ्या दिसतात. बघ, गाठीला कसा वेढा घातलाय!"

त्यांचा एक अंदाज होता. ज्या बाईच्या गाठीभोवती ही गर्दी जास्त, ती जास्त वर्षं काढत असावी. परदेशातही कुणीकुणी तसं म्हणत होतं. पण अंदाज म्हणजे गॅरंटी नव्हे, हेही त्या लगेच बजावायच्या.

"मग खात्री कशी करायची?" मी विचारलं.

"मोजायचं आणि वाट बघायची."

किती दिवस, ते मी विचारलं नाही. एकोणीस वर्षं गेली!

*

तेव्हापासून बाईंच्या रिपोर्टात एक ओळ जास्तीची यायला लागली. कॅन्सर आहे, अमुक प्रकारचा आहे, आणि खाली, 'गाठीभोवती लिम्फोसाइट्सची दाट गर्दी.'

गावातले एक सर्जन भडकले. फोनवर त्यांचा आवाज मला टेबलापलीकडं ऐकू येत होता. "बाई, कॅन्सर आहे का नाही एवढंच सांगा! गर्दी किती जमली ते कळून काय करू? मी काय इलेक्शनला उभा आहे?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही नाही हो. तुमची पेशंट उभी आहे!"

*

स्वतःचा अंदाज स्वतःलाच फसवू नये म्हणून बाई एक करायच्या. मला काचांवरची नावं झाकायला लावायच्या आणि त्याच काचा महिन्याभरानं पुन्हा बघायच्या. एकदा एका काचेचं दोन वेळचं उत्तर वेगळं आलं. मी भावाच्या लग्नाला रजेवर होते, हे सगळं नंतर ऐकलं. बाई चिडून बसलेल्या. आक्का फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "मी बघू का जरा?"

बाईंनी खरंच स्टूल दिलं. आक्कांनी पदर खोचला आणि डोळा लावला.

"हितं जत्रा हाय."

दुसरी काच. "हितं नुसता आठवड्याचा बाजार."

तिसरी. "हितं कोण न्हाय. सामसूम."

बाईंनी त्यांच्याकडून वीसेक काचा बघून घेतल्या. एक सोडून सगळ्या बाईंशी जुळल्या. ती एक मी परत आल्यावर आम्ही पुन्हा बघितली. आक्काच बरोबर होत्या!

दुसऱ्या दिवशी पेशंटांच्या रजिस्टरात तीन रकाने पडले. जत्रा, बाजार, सामसूम.

पुढं कधीतरी पुण्याचे एक प्रोफेसर लॅब बघायला आले. रजिस्टर चाळता चाळता थांबले. "ही ग्रेडिंगची पद्धत कुठली? अमेरिकन?"

"छे," बाई म्हणाल्या, "बावड्याची!"

*

वाट बघायची म्हणजे नुसतं बसायचं नव्हतं. दरवर्षी दिवाळी झाली की रजिस्टरातल्या प्रत्येक बाईला जोडकार्ड जायचं. 'आपली प्रकृती कशी आहे, कृपया कळवावे.' पत्ते माझ्या अक्षरात. उत्तराचं कार्ड त्यालाच जोडलेलं, कोरं, नुसतं लिहून टाकायचं.

उत्तरं एकेक अशी यायची, की आम्ही कामं सोडून वाचायचो. कुणी म्हशीचं दूध किती निघतं ते कळवायचं, कुणी नातवाचं बारसं. पेठ वडगावच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'सौ. ठणठणीत आहे. रोज माझ्याशी भांडते. प्रकृती माझीच खालावली आहे. माझी काच बघता येईल काय?'

*

सगळीच कार्डं हसवणारी नसायची.

एका तरुण शिक्षिकेची काच बाईंनी मला मुद्दाम बोलावून दाखवली होती. एवढी दाट जत्रा आम्ही त्याआधी बघितली नव्हती. ही नक्की तरणार, असं मी मनात धरूनच टाकलं. दुसऱ्या वर्षी तिचा भाऊ आमचं कोरं कार्ड हातात घेऊन दारात उभा राहिला. पोस्टात टाकवेना, म्हणून आला होता.

तो गेल्यावर मी म्हटलं, "बाई, हिला मोजायलाच नको. तिची केस वेगळीच असणार."

बाईंनी पेन उघडलं. जत्रेच्या रकान्यात तिच्या नावापुढं तारीख लिहिली, स्वतःच्या हातानं. म्हणाल्या, "मनासारखं तेवढंच लिहायचं असेल तर रजिस्टर कशाला हवं? डायरी लिहावी."



*

हातकणंगल्याच्या एक शेतकरी बाई ऑपरेशनला सात वर्षं झाल्यावर थेट लॅबमध्येच आल्या. डोक्यावर पदर, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

"माझी ती गाठ मला बघायची हाय. सात वरसं नुसतं नाव ऐकतोय."

बाईंनी कपाटातून काच काढली. मायक्रोस्कोपाच्या आरशानं खिडकीतला उजेड वळवला, त्यांना बसवलं.

"मधे मोठ्या मोठ्या पेशी दिसतात? तो कॅन्सर. आणि भोवतीनं निळे ठिपके आहेत ना, ते त्याला अडवणारे."

"हे निळं कुठनं आलं?"

"कुठून येतील? तुमच्याच अंगातले."

"आणि ही गाठ वो?"

"तीही तुमच्याच अंगातली."

त्या शेतकरी बाईंनी डोळा बाजूला घेतला, पदर सारखा केला. "म्हंजी दोन्ही घरचीच! मग भावकी म्हणा की सरळ!"

इतकी वर्षं मला जे पुस्तकातून कळत नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. आमच्या बाई तर नंतर डॉक्टरांपुढं बोलताना भावकीपासूनच सुरुवात करायला लागल्या. लोक हसायचे आणि मग ऐकायचे.

*

आणि हा शेवटचा. हा मी बाईंच्या हयातीत कुणाला सांगितला नाही.

शहात्तर साली एका सकाळी लॅबमध्ये बरणी आली. स्तनाची गाठ, चिठ्ठीवर बाईंचंच नाव. आदल्या दिवशी त्या 'जरा मिरजेला जाऊन येते' एवढंच सांगून गेल्या होत्या.

मी काप काढायला बसले. तीन काप फुकट गेले. आक्का मागं येऊन उभ्या राहिल्या. "काढ. तुझ्यासारखं कोण काढतंय?" चौथा नीट आला. आयुष्यात एवढा सुरेख काप मी दुसरा काढला नाही.

नवव्या दिवशी बाई आल्या. डावा हात गळ्यात बांधलेला. "मुंबईलाही एक काच पाठवू. पण आधी मी बघणार."

बघितलं. काच सरकवत चारी कडा बघितल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "टाइप कर."

कॅन्सर होता. प्रकार सांगितला, आकार सांगितला. लिम्फोसाइट्सवर आल्या. "मध्यम."

मी आधीच चोरून बघितलं होतं. म्हटलं, "बाई, एका कडेला दाट आहेत. दाट लिहू?"

"एका कडेला. बाकी तीन बाजूंना? मध्यम लिही."

लिहिलं. त्यानंतर अकरा वर्षं बाई त्याच खुर्चीत बसून काचा बघत होत्या. पण त्या दिवशी ते आम्हा तिघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

सगळं झाल्यावर मी कागद मागं फिरवून वरच्या ओळींवर आणला. नावाच्या ओळीत नाव घातलं. पुढची ओळ रिकामी होती.

"वय अठ्ठेचाळीस ना, बाई?"

"चौपन्न."

माझी बोटं टाइपरायटरवरच थांबली. "अहो, पण तुम्ही तर सगळ्यांना..."

"ते सगळ्यांना सांगायचं," बाई म्हणाल्या. "हा रिपोर्ट आहे!"