क्रुसाला बोललेला कोंबडा

नळाला पाणी आलं नाही की आमच्या अंधेरीच्या चाळीतल्या बायका म्युनिसिपालिटीला शिव्या घालायच्या आणि विश्रामकाका नळाला गाऱ्हाणं घालायचे. कमरेला पंचा, हात जोडलेले, डोळे मिटलेले. "बा म्हाराजा, ही चाळीची लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत. तुझ्या घशात काय अडाकला असात तर ता दूर कर, नि सगळ्यांचे हंडे भर म्हाराजाऽऽ!" आणि रांगेतल्या आम्ही सगळ्या बादल्या आपटत एका सुरात म्हणायचो, "व्हय म्हाराजा!"

कोकणात देवापुढे असं मागणं मांडतात हे मला ठाऊक होतं, पण तिथे त्याला वेळकाळ असतो. काकांना तो नव्हता. प्रायमस पेटेना, घाल गाऱ्हाणं. बस येईना, घाल गाऱ्हाणं. एकदा बस आलीच नाही, तर "देवान आयकला गो, पण ड्रायव्हराक सांगूक इसारलो" म्हणून मोकळे! गोरेगावच्या एका स्टुडिओत ते सुतार होते. सिनेमातली देवळं उभी करायची आणि शूटिंग संपलं की मोडायची, हे त्यांचं काम. त्या प्लायवूडच्या देवळापुढेही हे गृहस्थ चपला काढत. मी हसले तेव्हा म्हणाले, "वैनी, देव काय लाकूड बघता? बोलावल्यार येता तो."

साठ सालानंतरची गोष्ट. आमची सुमी चार वर्षांची होती. तिला घटसर्प झाला. दुपारी श्वास घेताना तिच्या घशातून शीळ वाजायला लागली आणि ओठ निळे पडले. तिचे वडील ऑफिसात. काकांची त्या दिवशी सुट्टी होती म्हणून बरं. त्यांनी पोरीला उचललं आणि जवळच्या इस्पितळाकडे धूम ठोकली. मागून मी, एकाच पायात चप्पल. डॉक्टर म्हणाले, घशाला बाहेरून भोक पाडून नळी बसवावी लागेल, आत्ताच्या आत्ता. तिला आत नेलं, दार बंद झालं.

"काका, गाऱ्हाणं घाला," मी म्हटलं.

काकांनी हात जोडले, डोळे मिटले आणि लगेच उघडले. "वैनी, ह्या जाग्याचो राखणदार कोण?"

कोकणचा कायदा असा, की जिथे उभं राहायचं तिथल्या राखणदाराला आधी विचारायचं. त्याच्या परवानगीशिवाय आपला गावदेवसुद्धा वेशीच्या आत यायचा नाही. झालं! माझी पोर आत टेबलावर आणि हे बाहेर भेटेल त्याला राखणदाराचा पत्ता विचारत सुटले. शेवटी आग्नेस नावाची नर्स भेटली. ती शेजारच्याच गावठाणातली, ख्रिस्ती.

"राखणदार काय विचारतोस रे?" ती म्हणाली. "कोपऱ्यावर क्रूस हाय ना, तो आमच्या आज्याने प्लेगात बसवला. रोग आत येऊ नये म्हणून."

"मगे तोच!" काका ओरडले आणि धडाधड जिने उतरले.

क्रूस इस्पितळाच्या व्हरांड्यातून दिसत होता. काका त्याच्यासमोर अनवाणी उभे राहिले आणि त्यांनी असा सूर लावला, की नाक्यावरचे टांगेवाले वळून बघायला लागले. "बा क्रुसा म्हाराजा! तुझी रीत माका म्हायत नाय, माझी तुका म्हायत नाय. तरी गाऱ्हाणा आयक. ह्या चेडवाचो जीव राख. तुका नारळ नि कोंबो देतंय म्हाराजाऽऽ!"

आता "व्हय म्हाराजा" कोण म्हणणार? मी कठडा धरून ओरडले. माझ्या शेजारून आग्नेस ओरडली. मग पायाला प्लास्टर घातलेले एक गुजराती शेठ, मग बाकावरच्या बायका, मग अख्खा व्हरांडा! एवढ्या भीतीतही मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी ढसाढसा रडले.

सुमी वाचली. डॉक्टरांच्या हातात जादू होती हे मी आजही म्हणते, आणि काकाही म्हणत: "म्हाराजान डाक्टराचो हात धरल्यान." पुढे नळी निघाली, जखम भरली, पोर घरी आली. पण आवाज काही येईना. नुसती कुजबुज. डॉक्टर म्हणायचे, येईल, धीर धरा. मी दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत बसायची.

तेवढ्यात काकांनी कोंबडा आणला आणि गॅलरीत बांधला. लाल तुऱ्याचा, भलता आगाऊ. सुमी त्याला आपल्या ताटातला भात भरवायची आणि त्याच्या कानाशी लागून काहीबाही कुजबुजायची. आमचे हे म्हणाले, "विश्राम, पोरीचा आवाज फुटू दे, मग फेडू नवस."

काका चिडले. "असा कसा? जीव मागलेलो, जीव दिल्यान. आवाज मागूक मी इसारलंय, ती माझी चूक, देवाची न्हय. उपकार शिळो करू नये."

रविवारी आम्ही सगळे क्रुसाशी गेलो. गावठाणातली मंडळी मेणबत्त्या लावून उभी होती. आग्नेस कपाळाला हात लावून म्हणाली, "आमच्या क्रुसाला कोंबडा कोन देत नाय रे बाबा. पन बोललास ना? मग दे. शिजवायला मसाला माझा." काकांनी नारळ फोडला, कोंबडा बगलेत धरला आणि सुरी काढली.

"नकोऽऽऽ! मारू नका त्यालाऽऽ!"

कोण ओरडलं ते मला क्षणभर कळलंच नाही. सुमी पाय आपटत, हात हवेत उडवत बोंबलत होती. खरखरीत, चिरका, मोठ्ठा आवाज. बाजूच्या घराच्या कौलांवरचे कावळे उडाले.

काकांच्या हातातली सुरी गळून पडली. कोंबडा निसटला आणि मेणबत्त्या उडवत आग्नेसच्या अंगणात पळाला. काका क्रुसापुढे मटकन बसले. हसत होते की रडत होते, कोण जाणे. "मागूक इसारललंय, ता पण दिलंस रे म्हाराजा!"

कोंबडा तसाच देवाच्या नावाने सोडून दिला. सुमी मात्र थांबेचना. कोंबडा सुटला, मेणबत्त्या पुन्हा लागल्या, खोबरं वाटून झालं, तरी कार्टीचा भोंगा चालूच. आणि एवढ्या माणसांत तिला "गप" म्हणणारं एकही माणूस निघालं नाही.