तुपाची वाटी

इस्पितळात आईच्या शेजारच्या खाटेवर यकृत बिघडलेले एक आजोबा होते. त्यांच्या बायकोची रोजची रीत ठरलेली. डोसा कागदात दाबून तेल टिपायचं, मगच भरवायचं. "चार वर्षं तूप-तेल बंद," आजी तंजावरी मराठीत अभिमानाने सांगायच्या.

आजोबांचं खाणं सुटलं, तेव्हा नर्सने त्यांच्या शिरेला दुधासारखी पांढरी पिशवी लावली.

"हे काय?" आजींनी विचारलं.

"तेलच आहे, पाटी," नर्सने आजींना तमिळमध्ये आजी म्हणून हाक मारली. "ताकदीसाठी."

"अय्यो! लिव्हर बिघडलेल्याला तेल?"

"यांना पचतं. साफ बंद करा असं कुणी सांगितलं होतं?"

आजींनी माझा हात घट्ट धरला.

"कुणीच नाही गं. पोंगलला त्यांनी चमचाभर तूप मागितलं, तर मी त्यांच्यापुढचं जेवणाचं पानच उचललं."



दुसऱ्या दिवशी आजी तुपाची वाटी घेऊन आल्या. आजोबांनी तोंड उघडलं नाही.